परत आलेला डबा

मोहिद्दीन मिस्त्रींनी टेप खटकन मिटली
आणि म्हणाले, पंच्याऐंशी हजार.
घरचं काम म्हणून पंच्याऐंशी.
मी त्यांच्या चहात दूध जरा जास्तच घातलं.

ते गेल्यावर संताजी दार वाजवून बघत म्हणाला,
लाकूड चांगलं हाय की अजून. नुसता रंग मारू.
तो उद्यमनगरात फौंड्रीत आहे,
कास्टिंगच्या कडा घासण्यात त्याची चौदा वर्षं गेली.

रविवारी अकरा दारं उतरवली.
स्क्रू रव्याच्या डब्यात,
प्रत्येक दारामागं खडूनं खूण:
वरचं डावं, वरचं उजवं, सिंकखालचं, तिखटाचं.
तिखटाच्या दारावर बोट ठेवलं तर बोटच चिकटलं.
सात वर्षांचा तांबडा रस्सा
वाफेनं वर चढून, थंड होऊन
राळेसारखा बसलेला.
सोडा, कढत पाणी, जुन्या बनियनची चिंधी.
तिसऱ्या बादलीला खालून बिस्किटी रंग निघाला.
घर घेतलं तेव्हा हाच होता.
मी विसरलेच होते.

लक्ष्मीपुरीत मगदूमांच्या दुकानात
कॅटलॉग मांडीवर घेऊन तासभर बसले.
मनात बेरीज: प्रायमर, रोलर, पॉलिश पेपर, टर्पेंटाइन,
आणि केतकीच्या क्लासची फी पाच तारखेला.
आदगोंडा मगदूम बघत होते.
मग वाकून काउंटरखालचा एक डबा वर ठेवला,
झाकणावर वाळलेला ओघळ.
"मशिनीत कालवलेला हाय. गिऱ्हाइकानं परत आणला.
म्हणतंय, बायकोला पसंत नाही.
निम्म्यात न्या, वैनी.
पण आता तुम्ही परत आणायचा नाही."

रंग नेमका कुठला, सांगता येत नाही.
हिरवा म्हणावा तर राखेकडं झुकलेला,
तोडणीनंतर दोन दिवस बांधावर पडलेल्या
उसाच्या पाल्यासारखा.

संताजीनं घासायला घेतलं
आणि पहिलंच दार निम्मं झिजवलं.
अहो, लोखंड नव्हं हे, म्हटलं.
मग घासलं मी. रंग त्यानं दिला,
इतका हळू, की दोनदा वाटलं झोपला.
चौदा वर्षं तो वरचं काढतच आलाय,
वर काही चढवायचं काम पहिल्यांदा हाती आलं.

दारं गॅलरीत, कॉटवर, जिन्यात पेपर अंथरून.
चौगुले काकू पायरीवर थबकल्या.
"कसला गं हा रंग?"
नवीन निघालाय, म्हटलं.

रात्री भडंग आणि कांदा,
ओट्याला पाठ लावून तिघं.
समोर सगळी कपाटं उघडी:
जोड न जुळणाऱ्या बरण्या,
लग्नातला डिनर सेट खोक्यासकट,
मी दडवलेला काजूचा पुडा,
जो केतकीनं बसल्या जागेवरून हेरला.

झोप येईना. वासानं असेल.
त्या बाईचा विचार करत पडले.
कदमवाडीत असेल, नाहीतर शाहूपुरीत.
नवऱ्यानं हौसेनं आणलेला डबा,
तिनं झाकण उचकटलं असेल, वाकून बघितलं असेल,
आणि म्हणाली असेल, नको.
कारण दिलं असेल का? मला वाटतं, नसेल.
मी मात्र आजवर
बाही तोकडी झालेला ब्लाउजसुद्धा
शिंप्याकडं परत नेलेला नाही.

बुधवारी दारं बसली.
एकूण खर्च दोन हजार तीनशे दहा,
आणि एक ब्रश, जो पुन्हा कशाच्याच कामाचा नाही.
खडूच्या खुणा रंगात गेल्या होत्या,
म्हणून सिंकखालचं दार उलटं लागलं,
मूठ पार खाली, फरशीजवळ.
संताजी स्क्रू ड्रायव्हर घेऊन परत गुडघ्यावर बसला,
थांब, दहा मिनिटांत फिरवतो.

नको, म्हटलं.

त्यानं वर बघितलं. मी पुढं काही बोलले नाही.
दोन्ही हात खरकट्यात असले
की पायाच्या अंगठ्यानं उघडतं ते.